संकटानंतर नेत्यांचा निवाडा जनता नेमका कशावरून करते?

शोधक (मूळ प्रश्न)

राष्ट्रावर मोठे संकट येऊन गेल्यानंतर त्या काळातील नेतृत्वाविषयी लोकांचे मत कसे बनते, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावतो आहे. वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. ज्याने संकट नीट हाताळले त्याला लोक डोक्यावर घेतात आणि ज्याने घोळ घातला त्याला घरी बसवतात. परंतु इतिहासातील ठळक उदाहरणे तपासू लागलो की हे उत्तर टिकत नाही.

मे १९४५ मध्ये युरोपातील युद्ध संपले, तेव्हा ब्रिटनमधील गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ८३ टक्के लोकांनी चर्चिल यांच्या कामाविषयी पसंती नोंदवली होती. दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा धुव्वा उडाला. आखाती युद्ध जिंकल्यावर थोरले जॉर्ज बुश ८९ टक्क्यांवर पोहोचले आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९२ मध्ये, बिल क्लिंटन यांच्याकडून हरले. याच्या अगदी उलट प्रकार एप्रिल १९६१ मध्ये घडला होता. क्यूबातील ‘बे ऑफ पिग्ज’ची मोहीम केनेडी सरकारच्या पुरती अंगाशी आली, तरीही त्यानंतर घेतलेल्या पाहणीत केनेडींची लोकप्रियता वाढून ८३ टक्के झाली. म्हणजे महायुद्ध जिंकणाऱ्याला आणि तीन दिवसांत तोंडघशी पडणाऱ्याला लोकांनी योगायोगाने एकच आकडा बहाल केला.

‘गरज सरो नि वैद्य मरो’ असे म्हणून चर्चिल यांच्या पराभवाची बोळवण करणारे पुष्कळ लेख वाचले, पण त्या म्हणीने केनेडींचे कोडे सुटत नाही. संकटकाळात नेत्याला मिळणारी पसंती हे त्याच्या कामाचे मूल्यमापन मानावे की आणखी कशाचे? आणि पुढे मतदान करताना लोक त्या संकटाचा हिशेब खरोखर मांडतात का? या विषयाचा अभ्यास असणाऱ्यांनी कृपया लिहावे. आजच्या पक्षीय वादात चर्चा वाहून जाऊ नये म्हणून, शक्य तेथे निकाल लागून काही काळ लोटलेली उदाहरणे घ्यावीत, ही विनंती.

तटस्थ

आपल्या प्रश्नातील पहिल्या भागावर राज्यशास्त्रात भरपूर काम झालेले आहे. जॉन म्यूलर या अमेरिकी अभ्यासकाने १९७० मध्ये ट्रूमन ते जॉन्सन या काळातील पाहण्यांचे विश्लेषण केले आणि राष्ट्रावर बाहेरून आघात झाला की लोक अध्यक्षाभोवती, म्हणजे खरे तर ध्वजाभोवती, गोळा होतात असे दाखवले. त्याची अट अशी होती की घटना आंतरराष्ट्रीय स्वरूपाची असावी, तिच्यात देश आणि त्याचा अध्यक्ष थेट गुंतलेला असावा आणि ती अचानक घडलेली, ठसठशीत, सर्वांचे लक्ष एका जागी खिळवणारी असावी. हळूहळू चिघळत जाणाऱ्या प्रश्नाला, मग तो कितीही गंभीर असो, हा लाभ मिळत नाही.

या उसळीचे सर्वांत मोठे उदाहरण धाकट्या बुश यांचे आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यापूर्वी त्यांची पसंती ५१ टक्क्यांच्या आसपास होती. त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ती ९० टक्के झाली. या मधल्या काळात बुश यांच्या अंगी कोणतेही नवे गुण अवतरलेले नव्हते आणि हल्ला टाळण्यात यंत्रणा कोठे कमी पडल्या याची चौकशीही सुरू झालेली नव्हती. जे बदलले होते ते भोवतालचे वातावरण. रिचर्ड ब्रॉडी या अभ्यासकाचे म्हणणे मला येथे फार मोलाचे वाटते. त्याच्या मते सामान्य नागरिक परराष्ट्रीय पेचप्रसंगाबद्दल स्वतंत्र मत बनवण्याच्या स्थितीत नसतो. एरवी सरकारवर टीका करणारे विरोधी नेते, माजी अधिकारी आणि भाष्यकार काय बोलतात यावरून तो अंदाज बांधतो. संकटाच्या पहिल्या दिवसांत ही सर्व मंडळी एक तर गप्प बसतात किंवा पाठिंबा जाहीर करतात, कारण हाताशी माहिती नसते आणि देशद्रोहाचा शिक्का कोणालाच नको असतो. दररोज कानावर पडणारी टीका अचानक थांबली की सरकार ठीकच करत असावे, असा लोकांचा समज होतो.

केनेडींचे कोडे येथे बरेचसे सुटते. मोहीम फसल्यावर त्यांनी पत्रकारांसमोर जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि दुसऱ्या दिवशी कॅम्प डेव्हिड येथे आयझेनहॉवर यांना चर्चेला बोलावले. आयझेनहॉवर विरोधी पक्षाचे, लष्करी प्रश्नांत देशात सर्वाधिक मान असलेले आणि मुख्य म्हणजे ज्यांच्या कारकिर्दीत या मोहिमेची आखणी सुरू झाली ते माजी अध्यक्ष. त्यांनी लोकांना अध्यक्षाच्या पाठीशी उभे राहण्याचे आवाहन केले. आता विरोधी बाकावरून दगड कोण मारणार होते?

आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. अध्यक्ष ज्या रीतीने आपले काम पार पाडत आहेत ती आपल्याला पसंत आहे की नापसंत, असा गॅलपचा प्रश्न असतो. त्यात समोर दुसरा उमेदवार नसतो, महागाई नसते, करही नसतात. युद्ध सुरू असताना ‘नापसंत’ म्हणणे अनेकांना आपल्याच सैन्याच्या विरोधात बोलल्यासारखे वाटते. निवडणुकीत मात्र प्रश्नच बदलतो. म्हणून या दोन आकड्यांची तुलना करून जनतेला कृतघ्न ठरवणे मला पटत नाही. संकटकाळातील पसंती हा निवाडा नसतोच. निवाडा लांबणीवर टाकल्याची ती नोंद असते, आणि विरोधकांना कंठ फुटला, कागदपत्रे बाहेर आली की सुनावणी सुरू होते.

जिमी कार्टर यांच्या बाबतीत हे सर्व टप्पे एकाच प्रकरणात दिसतात. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकी दूतावासावर विद्यार्थ्यांनी कब्जा केला. त्या सुमारास कार्टर यांची पसंती जेमतेम ३२ टक्के होती आणि पुढच्या जानेवारीत ती ५८ टक्क्यांवर गेली. परंतु ओलीस सुटेनात, रोज रात्री दूरचित्रवाणीवर दिवस मोजले जाऊ लागले, एप्रिल १९८० मधील सुटकेची मोहीम इराणच्या वाळवंटात फसून आठ सैनिक मृत्युमुखी पडले, आणि ज्या संकटाने कार्टर यांना उचलून धरले होते त्यानेच त्यांना बुडवले. ४४४ दिवसांनी ओलीस सुटले ते रेगन यांनी शपथ घेतल्यानंतर काही मिनिटांतच.

कालिंदी

तटस्थ यांनी पाहण्यांचा भाग उत्तम मांडला आहे, म्हणून मी केवळ १९४५ च्या ब्रिटनविषयी लिहिते. या निवडणुकीच्या नावावर जितकी सुभाषिते खपतात तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या निवडणुकीच्या नावावर खपत असतील.

पहिली गोष्ट म्हणजे त्या निकालाने धक्का बसला असला तरी तो अचानक उद्भवलेला नव्हता. ब्रिटनमध्ये १९३५ नंतर सार्वत्रिक निवडणूकच झाली नव्हती. युद्धकाळात प्रमुख पक्षांनी पोटनिवडणुकांत एकमेकांविरुद्ध उमेदवार न देण्याचा समझोता केला होता, तरीही अपक्ष आणि छोट्या पक्षांचे उमेदवार हुजूर पक्षाच्या, म्हणजे चर्चिल यांच्या पक्षाच्या, जागा हिसकावून घेत होते. १९४३ पासून गॅलपच्या पाहण्यांत मजूर पक्ष आघाडीवर होता. वर्तमानपत्रे आणि खुद्द राजकारणी त्या आकड्यांकडे गांभीर्याने पाहत नव्हते इतकेच. म्हणजे ज्या मतदाराला चर्चिल पंतप्रधान म्हणून पसंत होते, तोच मतदार त्यांचा पक्ष आपल्याला नको असे त्याच वेळी सांगत होता आणि या दोन विधानांत त्याला कोणतीही विसंगती जाणवत नव्हती.

ती होतीच कोठे? हुजूर पक्ष म्हणजे लोकांच्या लेखी १९३० चे दशक होते: बेकारी, अनुदानासाठी घरातील चीजवस्तूंची झडती घेणारे अधिकारी आणि हिटलरपुढे नमते घेणारा म्युनिक करार. उलट डिसेंबर १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेला बेव्हरिज अहवाल, म्हणजे सरकारी भाषेतील सामाजिक विम्याचा एक रुक्ष दस्तऐवज, विकत घेण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या होत्या. युद्धानंतर घरे कोण बांधणार, नोकऱ्यांचे काय, आजारपणाचा खर्च कोण उचलणार, हे प्रश्न घेऊन मतदार केंद्रावर गेला. युद्धमंत्रिमंडळातील मजूर पक्षाचे अ‍ॅटली, बेव्हिन, मॉरिसन यांनी पाच वर्षे देशांतर्गत कारभार सांभाळला होता, त्यामुळे मजूर पक्षाला राज्य चालवता येत नाही हा जुना आक्षेपही बोथट झाला होता. अशा वातावरणात ४ जून रोजी नभोवाणीवरून बोलताना चर्चिल यांनी समाजवादी सरकारला गेस्टापोसारख्या यंत्रणेचा आधार घ्यावा लागेल असे सांगितले. कालपर्यंत आपल्याच मंत्रिमंडळात शेजारी बसणाऱ्या अ‍ॅटलींविषयी हे ऐकून अनेकांनी कपाळाला हात लावला.

मतदान ५ जुलैला झाले, परंतु जगभर विखुरलेल्या सैनिकांच्या मतपत्रिका मायदेशी आणायच्या असल्याने पेट्या तीन आठवडे मोहोरबंद राहिल्या. त्या काळात चर्चिल पॉट्सडॅमच्या परिषदेला गेले आणि निकाल काहीही लागो, देशाची बाजू अखंड राहावी म्हणून अ‍ॅटलींनाही सोबत घेऊन गेले. २६ जुलैच्या मोजणीसाठी दोघे लंडनला परतले. ६४० पैकी ३९३ जागा मजूर पक्षाला मिळाल्या आणि परिषदेच्या उरलेल्या बैठकांना स्टालिन आणि ट्रूमन यांच्यासमोर पंतप्रधान म्हणून अ‍ॅटली जाऊन बसले. ज्या वुडफर्ड मतदारसंघात चर्चिल यांच्याविषयीच्या आदरापोटी मजूर आणि उदारमतवादी या दोन्ही पक्षांनी उमेदवार दिला नव्हता, तेथेही एका अगदी अपरिचित अपक्षाला दहा हजारांहून अधिक मते पडली. हा तपशील मला एकूण निकालापेक्षाही बोलका वाटतो, कारण तेथे तर चर्चिल यांच्याच नावावर शिक्का मारायचा होता.

थोडक्यात, लोकांनी चर्चिल यांच्या युद्धनेतृत्वाविरुद्ध मत दिले नाही. तो प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. सहा वर्षांनी, १९५१ मध्ये, त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा पंतप्रधान केले.

पारिजात

कालिंदी यांचे विवेचन वाचून आनंद झाला, परंतु मतदार इतका विचारपूर्वक खाती वेगळी ठेवतो यावर माझा तितकासा विश्वास नाही. १९४५ चा ब्रिटिश मतदार दहा वर्षे वाट पाहून मतदानाला गेला होता, म्हणून तो अपवाद म्हणावा लागेल. इतरत्र जे पुरावे आहेत ते कमी सुखावह आहेत.

अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांचा २००९ मधील अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. अमेरिकेतील नैसर्गिक आपत्ती आणि अध्यक्षीय निवडणुकांचे निकाल यांची सांगड घालून त्यांनी असे दाखवले की आपत्तीनंतर मदतीवर खर्च करणाऱ्या सरकारला मतांच्या रूपाने परतफेड मिळते, मात्र आपत्ती येण्यापूर्वी तिच्या तयारीवर खर्च करणाऱ्या सरकारला काहीही मिळत नाही. त्यांच्याच अंदाजानुसार तयारीवरील एक डॉलर भविष्यातील सुमारे पंधरा डॉलरचे नुकसान वाचवतो. पूर अडवणारा बंधारा कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि पूर आल्यावर गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला नेता पहिल्या पानावर झळकतो. अशी लोकमताची रीत असेल तर शहाण्या नेत्याने संकट टाळण्यात पैसा का घालावा, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो.

जर्मनीचे गेऱ्हार्ड श्रोडर यांचे उदाहरण घ्या. २००२ च्या उन्हाळ्यात ते पाहण्यांत मागे होते. ऑगस्टमध्ये एल्बे नदीला महापूर आला, चॅन्सेलर रबरी बूट चढवून चिखलात उतरले, मदतीची घोषणा तत्काळ झाली आणि सप्टेंबरमधील मतदानात त्यांच्या पक्षाला प्रतिस्पर्ध्यांपेक्षा देशभरात अवघी सहा हजारांच्या आसपास मते अधिक मिळाली. पुढे बेख्टेल आणि हाइनम्यूलर या अभ्यासकांनी पूरग्रस्त आणि इतर मतदारसंघांची तुलना केली, तेव्हा पूरग्रस्त भागात या पक्षाची मते सुमारे सात टक्क्यांनी वाढल्याचे आढळले आणि त्यातील साधारण चौथा हिस्सा २००५ च्या निवडणुकीपर्यंत टिकून होता. कृतज्ञता असते, परंतु ती मदतीची असते आणि झपाट्याने विरते.

याच्या दुसऱ्या टोकाला हर्बर्ट हूवर आहेत. पहिल्या महायुद्धात उपासमारीच्या तोंडावर असलेल्या बेल्जियमला अन्न पुरवण्याची अवाढव्य यंत्रणा त्यांनी उभारली होती. १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला तेव्हा मदतकार्याची सूत्रे त्यांच्याच हाती होती आणि त्या लौकिकावरच ते पुढल्या वर्षी अध्यक्ष झाले. संकटनिवारणाचा इतका अनुभव पदरी असलेला माणूस त्या पदावर क्वचितच आला असेल. ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि तीन वर्षांत बेघरांच्या पत्र्याच्या वस्त्यांना लोक ‘हूवरव्हिल’ म्हणू लागले. १९३२ मध्ये रूझवेल्ट यांनी त्यांचा निर्वाचक मतांत ४७२ विरुद्ध ५९ असा पराभव केला. मंदी हूवर यांनी आणली नव्हती, परंतु खुर्चीवर ते होते.

१९१६ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्क माशांनी चार जणांचे बळी घेतल्यावर त्या भागात विल्सन यांची मते घटली, असा एक प्रसिद्ध दावाही आहे. मात्र नंतरच्या संशोधकांनी ती आकडेमोड कच्ची असल्याचे दाखवले आहे, त्यामुळे त्यावर मी विसंबणार नाही.

शोधक

सर्वांचे आभार. निवाडा लांबणीवर पडतो हे पटले. पण मग त्या लांबलेल्या सुनावणीत खापर कोणाच्या माथी फुटते? हूवर यांच्या बाबतीत ते थेट अध्यक्षावर फुटले. भारतात मात्र १९६२ च्या पराभवानंतर पंतप्रधान पदावर राहिले आणि २६/११ नंतर सत्ताधारी आघाडी उलट अधिक जागा घेऊन परतली. हे कसे समजून घ्यावे?

सव्यसाची

संसदीय पद्धतीत खापर फोडण्यासाठी मधले माथे उपलब्ध असते, हे त्याचे अर्धे उत्तर आहे. १९६२ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर संसदेचा आणि खुद्द काँग्रेस पक्षाचा रोष होता. पंतप्रधानांनी त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि युद्ध चालू असतानाच मेनन यांना जावे लागले. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे तेव्हापासून रुजले आहे. लष्करप्रमुख थापर यांनीही पद सोडले. नेहरूंचे पद राहिले, पण निवाडा झालाच नाही असे म्हणता येणार नाही. १९६३ च्या पोटनिवडणुकांत अमरोह्यातून आचार्य कृपलानी, फर्रुखाबादमधून राममनोहर लोहिया आणि राजकोटमधून मिनू मसानी, असे सरकारचे तीन सर्वांत धारदार टीकाकार लोकसभेत पोहोचले. ऑगस्टमध्ये कृपलानींनी मांडलेला अविश्वासाचा ठराव हा लोकसभेतील पहिला. तो ६२ विरुद्ध ३४७ असा फेटाळला गेला, परंतु नेहरूंना सभागृहात बसून जे ऐकावे लागले ते त्यापूर्वीच्या पंधरा वर्षांत कोणी ऐकवले नव्हते. हेंडरसन ब्रुक्स यांचा चौकशी अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. तटस्थ म्हणतात त्याप्रमाणे कागदपत्रे बाहेर आल्यावर सुनावणी सुरू होत असेल, तर हे प्रकरण अद्याप न्यायप्रविष्टच आहे म्हणायचे! १९६७ मध्ये काँग्रेसच्या जागा २८३ पर्यंत घसरल्या खऱ्या, पण मधल्या काळात आणखी एक युद्ध, दुष्काळ, रुपयाचे अवमूल्यन आणि दोन पंतप्रधानांचे निधन झालेले असल्याने त्या घसरणीत १९६२ चा वाटा किती, हे कोणालाही वेगळे काढून दाखवता येणार नाही.

आता २६/११. हल्लेखोरांविरुद्धची कारवाई २९ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी संपली आणि त्याच दिवशी दिल्ली विधानसभेचे मतदान होते. सत्ताधारी पक्षाचा सफाया होणार असे बहुतेक भाष्यकार गृहीत धरून होते, परंतु शीला दीक्षित सलग तिसऱ्यांदा निवडून आल्या. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला होता. महाराष्ट्रात गृहखाते सांभाळणारे आर. आर. पाटील आणि पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनाही पायउतार व्हावे लागले. मे २००९ मध्ये काँग्रेसला लोकसभेच्या २०६ जागा मिळाल्या, ऑक्टोबरमध्ये राज्यातही तीच आघाडी परतली आणि आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री झाले. माझ्या मते लोकांच्या संतापाला राजीनाम्यांनी वाट मिळाली आणि मतदानाच्या वेळी ग्रामीण रोजगार हमी, कर्जमाफी, उमेदवार आणि जागावाटप हे नेहमीचे हिशेब पुन्हा पुढे आले. शहरातील दूरचित्रवाणीवरचा संताप आणि मतदारयादी यांत फार मोठे अंतर असते.

विजयाच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. १९९९ मध्ये कारगिलमुळे वाजपेयी जिंकले असे सर्रास म्हटले जाते. भाजपला १९९८ मध्ये १८२ जागा होत्या आणि कारगिलनंतरही १८२ च मिळाल्या. वाढली ती मित्रपक्षांची संख्या, आणि ती जमवाजमव कारगिलइतकीच, कदाचित अधिक, निर्णायक ठरली.

एकाच घटनेचा देशाच्या दोन भागांत दोन प्रकारे निवाडा होऊ शकतो, हेही येथे नोंदवतो. आणीबाणीनंतर मार्च १९७७ मध्ये उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही, तर आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१ मिळाल्या. सक्तीच्या नसबंदीचा वरवंटा उत्तरेत जितका फिरला तितका दक्षिणेत फिरला नव्हता. त्यामुळे ‘राष्ट्रीय लोकमत’ असे काही एकसंध असते, हे गृहीतकच मला शंकास्पद वाटते.

कालिंदी

सव्यसाची यांच्या राजीनाम्यांच्या मुद्द्याला जोडून एक उलटे उदाहरण देते. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदमध्ये सकाळच्या गर्दीच्या वेळी चार लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट होऊन १९० हून अधिक लोक ठार झाले. मतदान तीन दिवसांवर होते. म्यूलरच्या सिद्धान्तानुसार सरकारला लाभ व्हायला हवा होता. शिवाय पाहण्यांत सत्ताधारी पक्ष पुढेच होता. परंतु पंतप्रधान अस्नार यांच्या सरकारने बास्क दहशतवादी संघटनेचे, म्हणजे ‘एटा’चे, नाव पुढे केले आणि ते इतके लावून धरले की संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी संमत केलेल्या ठरावातही एटाचा उल्लेख आला. इकडे पोलिसांना सापडलेला पुरावा इस्लामी अतिरेक्यांकडे बोट दाखवत होता, म्हणजेच बहुसंख्य स्पॅनिश जनतेचा विरोध डावलून सरकारने ज्या इराक युद्धाला पाठिंबा दिला त्याच्याशी हल्ल्याचा संबंध जुळत होता. मतदानाच्या आदल्या रात्री लोक सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयाबाहेर जमून सत्य काय ते सांगा अशी मागणी करत होते. दुसऱ्या दिवशी मतदान वाढले आणि समाजवादी पक्ष जिंकला.

हल्ला रोखता आला नाही म्हणून सरकार पडले असे मला वाटत नाही. निवाडा लांबणीवर टाकण्याची जी सवलत लोक सरकारला देतात, ती सरकार खरे सांगत आहे या भरवशावर दिलेली असते. तो भरवसा तीन दिवसांत संपला. केनेडी आणि अस्नार यांच्यातील फरक मला येथे दिसतो.

पारिजात

हे मान्य. मात्र अस्नार यांच्या बाबतीत मतदान तीन दिवसांवर होते म्हणून लपवाछपवी महागात पडली. मतदान तीन वर्षांवर असते तर?

तटस्थ

तर कदाचित इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांच्यासारखे घडले असते. शोधक यांच्या खापराविषयीच्या प्रश्नालाही हेच उदाहरण लागू पडते.

ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाने इस्रायलला बेसावध गाठले. युद्धाचा शेवट इस्रायलच्या बाजूने झाला, पण अडीच हजारांहून अधिक सैनिक मारले गेले. लांबणीवर पडलेली निवडणूक ३१ डिसेंबरला झाली आणि मेयर यांच्या आघाडीच्या जागा ५६ वरून ५१ वर आल्या. म्हणजे फटका बसला, पण सत्ता राहिली. राखीव सैनिक अजून सीमेवरच होते. फेब्रुवारीत ते घरी परतू लागले, आणि सुएझ कालव्यावरील जे एकच ठाणे अखेरपर्यंत शत्रूच्या हाती पडले नाही त्या ठाण्याचा कप्तान मोट्टी अश्केनाझी पंतप्रधानांच्या कार्यालयासमोर एकटाच धरणे धरून बसला. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी राजीनामा द्यावा ही त्याची मागणी होती. काही आठवड्यांत त्याच्याभोवती हजारो लोक जमले.

१ एप्रिल १९७४ रोजी अग्रानात आयोगाने अंतरिम अहवाल दिला. लष्करप्रमुख एलाझार आणि गुप्तवार्ता प्रमुख झीरा यांच्यावर त्याने ठपका ठेवला. मेयर आणि दायान यांना मात्र थेट जबाबदारीतून मोकळे केले आणि मंत्र्यांच्या संसदीय जबाबदारीचा निर्णय आपल्या कक्षेबाहेरचा असल्याचे सांगितले. मधले माथे असे आयतेच मिळाले होते. परंतु सव्यसाची यांनी सांगितलेला उपाय येथे चालला नाही, कारण शिक्षा गणवेशातल्यांना आणि मोकळीक मंत्र्यांना, हे लोकांना अजिबात रुचले नाही. त्याच महिन्यात मेयर यांनी राजीनामा दिला. निवडणूक जिंकून चार महिनेही झाले नव्हते आणि आयोगाने त्यांना निर्दोष ठरवले होते, तरीही.

त्यामुळे पारिजात यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की मतदान दूर असले तरी निवाडा दुसऱ्या मार्गाने होऊ शकतो, मात्र त्यासाठी आवाज उठवणारा माणूस असा लागतो की ज्याच्यावर देशद्रोहाचा शिक्का मारणे सरकारला शक्य नाही. अश्केनाझी तसा होता. प्रत्येक संकटाला तसा माणूस लाभतोच असे नाही, आणि १९६२ च्या भारतात पराभूत तुकड्यांतील कोणी अधिकारी असा रस्त्यावर येऊन बसला नाही.

शोधक

मग पुढचा प्रश्न असा पडतो की मेयर यांचा पक्ष १९७७ मध्ये प्रथमच सत्तेबाहेर गेला, तो निकाल १९७३ च्या खात्यावर मांडायचा की नाही? सव्यसाची यांनी १९६७ बद्दल घेतलेला आक्षेप येथेही लागू होईलसे दिसते.

तटस्थ

काही अंशी मांडावा लागेल. १९७३ ने त्या पक्षाच्या सक्षमतेवरचा विश्वास गेला, यावर इस्रायली अभ्यासकांचे बऱ्यापैकी एकमत आहे. पण निवडणुकीच्या तोंडावर उघड झालेली आर्थिक प्रकरणे, पंतप्रधान राबिन यांच्या कुटुंबाच्या अमेरिकेतील बँक खात्यामुळे त्यांना उमेदवारी सोडावी लागणे, मध्यममार्गी मते खेचणारा एक नवा पक्ष आणि अरब देशांतून आलेल्या ज्यू नागरिकांची अनेक वर्षे साचलेली नाराजी, हे सर्व त्याच पेटीत पडले. मतपत्रिकेवर कारण लिहिण्याची सोय नसते, त्यामुळे या बेरजेतील प्रत्येक आकडा वेगळा करता येईल असे मला वाटत नाही.